ऋतूंच्या पलीकडचा विवाल्डी : जुनी बाडं, नवी ध्वनिमुद्रणं

मंद्रसप्तक (धागाकर्ती)

विवाल्डी (अठराव्या शतकातला व्हेनिसचा संगीतकार) म्हटलं की 'फोर सीझन्स', आणि 'फोर सीझन्स' म्हटलं की लिफ्ट, जाहिराती आणि फोनवरचं 'कृपया प्रतीक्षा करा'. याबद्दल माझी तक्रार नाही, ते चार कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना) आहेतच तसे. पण १७२५ साली अ‍ॅम्स्टरडॅमला छापून निघालेल्या ज्या संग्रहात (ओपस ८, म्हणजे छापील संग्रह क्रमांक आठ) ते आहेत, त्यात एकूण बारा कॉन्चेर्टो आहेत. उरलेल्या आठांची नावं विचारली तर भलेभले गप्प बसतात. आणि या माणसाचे कॉन्चेर्टो आहेत सुमारे पाचशे! शिवाय ऑपेरा, चर्चसाठी लिहिलेलं संगीत, ओरेटोरिओ (धार्मिक कथेवरचं, अभिनयाविना गायचं नाट्य), सोनाटा (मोजक्या वाद्यांच्या रचना) हे सगळं वेगळंच. हा धागा त्या उरलेल्या ढिगाऱ्यासाठी.

हे सगळं आज ऐकायला मिळतं यामागची हकिकत आधी सांगते, कारण त्याशिवाय या नव्या ध्वनिमुद्रणांचं मोल कळत नाही.

विवाल्डी २८ जुलै १७४१ रोजी व्हिएन्नात वारला, जवळजवळ कफल्लक अवस्थेत. व्हेनिसमधली त्याची चलती संपली होती. ज्याच्या आशेवर तो व्हिएन्नाला गेला असावा तो सम्राट सहावा चार्ल्स आदल्याच ऑक्टोबरात गेला. त्यानंतर दीडएकशे वर्षं विवाल्डी म्हणजे बाख या थोर जर्मन संगीतकाराच्या चरित्रातली तळटीप. बाखने याचे कॉन्चेर्टो ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्डसाठी (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) उतरवून घेतले होते, म्हणून हे नाव घ्यायचं, एवढंच.

मग १९२६ साल उजाडतं. उत्तर इटलीत बोर्गो सान मार्टिनो नावाच्या गावात सलेशियन पाद्र्यांची एक शाळा होती. इमारत दुरुस्तीला आलेली, हाताशी पैसा नाही, म्हणून त्यांनी संग्रहातली जुनी बाडं विकायला काढली. किंमत ठरवायला ट्यूरिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला विचारलं. तिथले संचालक लुइजी तोर्री यांनी काम सोपवलं संगीत-इतिहासाचे प्राध्यापक आल्बेर्तो जेंतिली यांच्याकडे. पेट्या उघडल्या तर आत विवाल्डीची चौदा बाडं, बरीचशी त्याच्या स्वतःच्या हातची! म्हणजे त्याचा खासगी दप्तरखानाच. तो त्याच्या मृत्यूनंतर आधी व्हेनिसच्या एका ग्रंथसंग्राहकाकडे आणि मग जिनोव्हाच्या दुरात्सो घराण्याकडे गेला होता.

ग्रंथालयाकडे विकत घ्यायला पैसे नव्हते. सरकारला कळवलं असतं तर बाडं कुठे गेली असती याचा नेम नव्हता, म्हणून जेंतिली देणगीदार शोधत फिरले. रोबेर्तो फोआ नावाच्या शेअर दलालाने पैसे दिले. त्याचा लहानगा मुलगा मावरो नुकताच वारला होता, त्याच्या स्मरणार्थ त्याने हा संग्रह ग्रंथालयाला दिला. पुढे जेंतिलींच्या ध्यानात आलं की हा साठा अर्धाच आहे. दुरात्सो घराण्यात वाटणी झाली तेव्हा पुस्तकांचीही झाली होती! दुसरा हिस्सा जिनोव्हात एका म्हाताऱ्या सरदाराकडे निघाला. त्याला राजी करण्यात तीन वर्षं गेली. १९३० साली तो हिस्सा फिलिप्पो जोर्दानो या कापड कारखानदाराने घेतला, तोही आपल्या वारलेल्या मुलाच्या, रेन्झोच्या नावाने. आजही संशोधक 'फोआ २९', 'जोर्दानो ३४' असे हवाले देतात. विवाल्डीचं संगीत आज त्या दोन पोरांच्या नावाने ओळखलं जातं, आणि दोघांपैकी एकानेही त्यातला एक सूर ऐकला नव्हता.

जेंतिलींच्या वाट्याला काय आलं? १९३८ चे वंशविषयक कायदे. ते ज्यू होते, नोकरी गेली. सप्टेंबर १९३९ मध्ये सिएनाला 'विवाल्डी सप्ताह' झाला, त्यात आज जगभर गायला जाणारा 'ग्लोरिया' (आरव्ही ५८९; आरव्ही म्हणजे विवाल्डीच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक) दोन शतकांनी पहिल्यांदा लोकांसमोर आला. त्या कौतुकात जेंतिलींना जागा नव्हती. त्याच महिन्यात महायुद्धही पेटलं.

आता ध्वनिमुद्रणांकडे. २००० साली आल्बेर्तो बास्सो या संगीत-अभ्यासकाच्या कल्पनेतून 'विवाल्डी एडिशन' सुरू झाली. ट्यूरिनच्या या दोन संग्रहांतल्या सुमारे साडेचारशे रचना एकूण एक ध्वनिमुद्रित करायच्या, असा तो संकल्प. आधी ओपस १११ आणि मग नाईव्ह या कंपनीने तो चालवला. खंड केव्हाच साठीपार गेलेत. मुखपृष्ठांवर विवाल्डीच्या, म्हणजे बरोक काळातली देवळं-चित्रं नाहीत, फॅशनच्या मासिकात शोभतील असे चेहरे आहेत, त्यामुळे सुरुवातीला मी ते हातातच घेत नव्हते.

मला सांगायचंय ते एवढंच : 'निवडक विवाल्डी' ऐकून हा माणूस कळत नाही. सगळं मुद्रित झाल्यामुळे त्याची दुय्यम कामंही ऐकायला मिळतात. एकच कल्पना तो तीन ठिकाणी कशी वापरतो, कुठे घाईत पाट्या टाकतो आणि कुठे अचानक थांबून जीव ओततो, हे त्यातूनच दिसतं. १७३९ साली शार्ल द ब्रॉस हा फ्रेंच प्रवासी त्याला व्हेनिसमध्ये भेटला. त्याच्यापाशी विवाल्डीने बढाई मारली होती, नकलनवीस उतरवून काढेल त्याच्या आत मी अख्खा कॉन्चेर्टो रचतो म्हणून. घाई खोटी नव्हती. पण घाई म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हे मला बासूनच्या (खर्जातलं लाकडी फुंकवाद्य) कॉन्चेर्टोंनी शिकवलं. ते पुढे प्रतिसादांत लिहीनच.

तुम्ही काय ऐकलंत, काय आवडलं, काय नाही आवडलं, मोकळेपणी लिहा.

---

चैत्रपालवी

वाचनखूण साठवली आहे. फोआ-जोर्दानोंची हकिकत माहीत नव्हती. सवडीने ऐकून लिहिते.

---

तिरकस

धागा चांगला आहे, पण मी जरा सूर बिघडवतो.

विसाव्या शतकातला संगीतकार स्ट्राविन्स्की याच्या नावावर खपणारा तो शेरा सर्वांना ठाऊक असेल, की विवाल्डीने पाचशे कॉन्चेर्टो लिहिले नाहीत, एकच कॉन्चेर्टो पाचशे वेळा लिहिला. स्ट्राविन्स्की तसं नेमकं बोलला की नाही ते सोडा, त्यात तथ्य आहे. जलद-संथ-जलद. सुरुवातीला सगळा वाद्यवृंद, मग एकल वाद्य, मग परत वाद्यवृंद, तोच तुकडा वेगळ्या पट्टीत. दहा ऐकले की अकराव्याचा शेवट मी आधीच गुणगुणू शकतो. साठ-सत्तर खंड काढण्यात कंपनीचा धंदा आहे, अभ्यासकांची सोय आहे. श्रोत्याचं काय? मला यातले वीस चांगले कोणते ते सांगा आणि बाकीचे ग्रंथालयात सुखाने नांदू द्या.

---

मंद्रसप्तक

@तिरकस, तुमच्याशिवाय धागा रंगला नसता. :)

साचा एकच आहे, मान्य. तो साचा युरोपभर रुजवला त्यानेच. पण साच्यात काय भरलंय ते बघा ना. एक उदाहरण देते, 'एकच गोष्ट पुन्हा पुन्हा' या तुमच्याच मुद्द्यावरचं.

'फोर सीझन्स'मधल्या 'विंटर'ची सुरुवात आठवा. तंतुवाद्यं एकेक करून आत येतात, सगळी एकाच सुरावर थरथरत, आणि एकावर एक चढत जाऊन बोचरा विसंवाद तयार होतो. थंडीने दात वाजतायत. आता 'फार्नाचे' या ऑपेरातली 'जेलिदो इन ओन्यी वेना' ही आरिया (ऑपेरातलं एकल गाणं) ऐका. तीच थरथर, तोच चढत जाणारा विसंवाद. पण इथे बर्फ नाही. आपल्यामुळे आपला मुलगा मेला असं समजणारा बाप म्हणतोय, माझ्या प्रत्येक शिरेतून रक्त गोठून वाहतंय. बर्फाचं संगीत उचलून त्याने अपराधाच्या जागी बसवलं. हे ऐकल्यानंतर 'विंटर'सुद्धा मला पूर्वीसारखं निरागस वाटत नाही.

चेचिलिया बार्तोलीने ही आरिया १९९९ च्या विवाल्डी अल्बममध्ये गायली आहे, इल जार्दिनो आर्मोनिको या वृंदासोबत. त्या अल्बमनंतर विवाल्डीच्या ऑपेरांकडे लोकांचं लक्ष गेलं, हे श्रेय तिला द्यायलाच हवं. ती इतकी दबक्या आवाजात गाते की पहिल्यांदा ऐकताना मी आवाजाची कळ फिरवली.

---

फुंकणी

बासूनचा विषय निघाला आणि मी गप्प बसू शकत नाही. स्वतः बासून वाजवतो (हौशी, शेजाऱ्यांच्या सहनशीलतेवर).

विवाल्डीचे बासूनसाठी ३९ कॉन्चेर्टो आहेत, त्यातले दोन अपुरे. व्हायोलिननंतर त्याने सर्वाधिक कॉन्चेर्टो लिहिले ते याच वाद्यासाठी. चेलोलासुद्धा त्याहून कमी. कोणासाठी लिहिले? एकावर (आरव्ही ४९६) बोहेमियाच्या मॉर्झिन सरदाराचं नाव आहे, त्यालाच ओपस ८ अर्पण केलं होतं. दुसऱ्यावर (आरव्ही ५०२) जुझेप्पे बियांकार्दी या व्हेनिसच्या वादकाचं. बाकीच्यांवर कोणाचंच नाही.

गंमत वाद्याच्या घडणीत आहे. आजच्या बासूनला वीसहून अधिक कळा असतात, प्रत्येक सूर गुळगुळीत आणि सारख्या वजनाचा निघतो. विवाल्डीच्या काळच्या बासूनला कळा तीन-चार. उरलेले कोमल-तीव्र सूर काढायला मधलं भोक उघडं ठेवून खालचं बंद करायचं, अशी आडवळणाची बोटं. त्यामुळे ते सूर दबके, घोगरे, पडद्याआडून आल्यासारखे निघतात. विवाल्डीला हे पक्कं ठाऊक होतं. संथ भागात तो नेमके असेच सूर मोक्याच्या जागी ठेवतो. आधुनिक बासूनवर ते वाजवले की नुसते 'बरोबर' वाजतात. जुन्या बनावटीच्या वाद्यावर ते कण्हतात.

एडिशनमध्ये सेर्जो आत्सोलिनीने हे कॉन्चेर्टो अनेक खंडांत वाजवलेत. तो वेडा माणूस आहे, पूर्ण आदराने म्हणतोय. श्वासाचा आवाज येतो, पट्टीच्या तळाशी वाद्य गुरगुरतं, कधी कधी सूर कडेवर लटकतो. ज्यांना नितळ वादन हवंय त्यांना आवडणार नाही.

@तिरकस, आरव्ही ४८४ ऐका, ई मायनर. वीसच्या यादीतला हा पहिला धरा. पहिल्या भागात तंतुवाद्यं वरून खाली कोसळत राहतात आणि बासून त्या पावसातून आपली वाट काढतं. मधल्या भागात वाद्यवृंद जोरकस, तुटक हुकूम सोडतो आणि बासून दर वेळी हळू आवाजात, लांब ओळीत उत्तर देतं. ना वाद्यवृंद नरमतो, ना बासून आवाज चढवतं. मला तरी त्यात संवाद कमी आणि न ऐकून घेणं जास्त दिसतं.

---

तिरकस

@फुंकणी, ऐकतो. कोसळणारा पाऊस वगैरे वर्णनांवर मी भुलत नाही, पण घोगऱ्या सुरांचा मुद्दा पटण्यासारखा आहे.

---

अनामिका१२

सुंदर धागा! पिएताचा उल्लेख अजून कसा कोणी केला नाही?

ऑस्पेदाले देल्ला पिएता म्हणजे व्हेनिसमधलं टाकून दिलेल्या मुलांचं अनाथालय. मुलींपैकी ज्यांना गळा किंवा हात असे, त्यांना संगीताचं कडक शिक्षण मिळे. विवाल्डी १७०३ साली पाद्री झाला आणि त्याच वर्षी तिथे व्हायोलिन शिकवायला लागला. मध्ये खंड पडले, पण जवळजवळ आयुष्यभर त्या संस्थेशी त्याचा संबंध राहिला. या मुली चर्चच्या सज्ज्यात जाळीआडून गात-वाजवत आणि त्यांना ऐकायला युरोपभरातून लोक येत. आना मारिया ही त्यांतली सर्वांत गाजलेली व्हायोलिनवादक. तिच्या नावाची एक वही व्हेनिसच्या संगीत महाविद्यालयात जपून ठेवली आहे. तीत कॉन्चेर्टोंचे फक्त तिने वाजवायचे भाग आहेत, साथीचे नाहीत. त्यातले काही कॉन्चेर्टो दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत, त्यामुळे ते मुद्रित करायचे तर साथ कोणीतरी नव्याने लिहावी लागते.

'जुदिता त्रिउम्फान्स' (१७१६) हे ओरेटोरिओ तर सगळं पिएताच्या मुलींनीच गायलेलं, सेनापती होलोफर्नेससुद्धा! व्हेनिसने कॉर्फूला तुर्कांचा वेढा परतवला त्या निमित्ताने रचलेलं. विवाल्डीच्या चार ओरेटोरिओंपैकी हे एकच हाती लागलं. वाद्यं तरी किती : मँडोलिन, व्हिओला द'आमोरे, चार थिओर्बो, क्लॅरिनेट... आणि शाल्युमो, म्हणजे क्लॅरिनेटचा पूर्वज. 'वेनी, वेनी' या आरियात जुदिता दासीला सोबत यायला सांगते, पारव्याच्या घुमण्याची उपमा देऊन, आणि शाल्युमो खरोखर घुमायला लागतो. त्या वाद्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो इथेच. मऊ, थोडा नाकातला.

एक प्रश्न मला नेहमी पडतो. पिएतासाठी लिहिलेल्या कोरसांत पुरुषी खर्जाचे भाग आहेत. ते कोण गात असे? तिथल्या नोंदींत 'आना दाल बास्सो' अशी नावं सापडतात, म्हणजे खर्ज गाणाऱ्या बायका होत्याच. अलीकडे काहींनी फक्त बायकांच्या वृंदाकडून हे संगीत गाऊन घेतलंय. पोत पूर्ण बदलतो. सगळे आवाज एकमेकांच्या इतके जवळ येतात की शब्द कमी कळतात, पण चमक वाढते. मला ते जास्त आवडतं. इतरांचं काय?

---

गोगलगाय

@अनामिका१२, मला मात्र मिश्र वृंदच बरा वाटतो, खालून आधार लागतो. सवयीचा भाग असेल.

पण मी आलो ते ऑपेरांबद्दल कुरकुर करायला. तीन तास! त्यातला बराच वेळ रेसिटाटिव्ह, म्हणजे हार्प्सिकॉर्डच्या साथीवर इटालियन बोलणं. रंगमंचावर ठीक आहे, नुसतं कानांनी? 'ऑर्लांदो फुरियोसो' हा ऑपेरा वृंदसंचालक स्पिनोझीच्या ध्वनिमुद्रणात मी बसून पुरा ऐकला. फार जोमदार आहे, गायिका तर एकापेक्षा एक. पण स्पिनोझी प्रत्येक आरियात चाबूक घेऊन उभा असतो. संथ आरियासुद्धा दम खात नाही.

दुसरी कुरकुर 'खरा विवाल्डी' या लेबलाबद्दल. 'बायाझेत' या ऑपेरात (१७३५, व्हेरोना) अर्ध्याअधिक गाजलेल्या आरिया दुसऱ्यांच्या आहेत. त्याने उघडपणे हास्से, ज्याकोमेल्ली वगैरे संगीतकारांच्या उचलल्या, तेव्हाची पद्धतच तशी. 'स्पोसा सोन दिस्प्रेत्साता' ज्याकोमेल्लीची, आणि लोक डोळ्यांत पाणी आणून म्हणतात, वा विवाल्डी!

---

मंद्रसप्तक

@गोगलगाय, स्पिनोझीबद्दल सहमत, थोडी. पण 'बायाझेत'मधल्या वाटणीकडे नीट बघा. उद्दाम विजेत्यांच्या तोंडी त्याने नव्या नापोली ढंगाच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या आरिया दिल्यात आणि हरलेल्या, कैदेत पडलेल्या माणसांच्या तोंडी स्वतःच्या. तोवर त्याची स्वतःची शैली व्हेनिसमध्ये जुनी ठरली होती. काही अभ्यासक यात त्याचा टोमणा पाहतात. मला तो वाचून हसू आलं होतं, ऐकून नाही. वृंदसंचालक बिओंदीचं ध्वनिमुद्रण ऐका, तो सगळ्यांना सारखाच मान देतो.

आणि रेसिटाटिव्ह सरळ पुढे ढकला की! कोणी परीक्षा घेणार नाहीये.

---

कलम७१

आमच्या व्यवसायातला एक किस्सा इथे शोभेल.

'मोतेझूमा' हा ऑपेरा १७३३ साली व्हेनिसच्या सांत'आंजेलो नाट्यगृहात झाला आणि संगीत हरवलं. बर्लिनच्या झिंग-अकादेमी या जुन्या गायनसंस्थेचा दप्तरखाना दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत सैन्याने उचलून कीवला नेला. तो १९९९ मध्ये सापडला, मग बर्लिनला परत आला. २००२ साली श्टेफेन फॉस या अभ्यासकाला त्यात 'मोतेझूमा' दिसला. हस्तलिखिताची सुरुवात आणि शेवट गायब, दुसरा अंक तेवढा पुरा.

२००५ च्या जूनमध्ये रॉटरडॅमला तो मैफलीच्या स्वरूपात सादर झाला आणि लगेच कज्जा उभा राहिला. जर्मन कायद्यात अशी सोय आहे : पूर्वी कधीही प्रसिद्ध न झालेली, हक्कांची मुदत संपलेली कृती जो पहिल्यांदा प्रसिद्ध करील त्याला २५ वर्षांचा हक्क मिळतो. झिंग-अकादेमीने म्हटलं, हस्तलिखित आमचं, प्रसिद्ध आम्ही केलं, आमच्या परवानगीशिवाय कोणी सादर करायचा नाही. प्रकरण सर्वोच्च पातळीवर गेलं आणि २००९ मध्ये निकाल अकादेमीच्या विरोधात लागला. न्यायालयाचं म्हणणं असं की त्या काळी ऑपेराच्या प्रती नकलनवीसांकडून मागणीप्रमाणे करून मिळत, छापखान्याची गरज नव्हती. त्यामुळे १७३३ मध्येच तो 'प्रसिद्ध' झाला असणं शक्य आहे, आणि तसं झालं नव्हतं हे सिद्ध करण्याचा भार हक्क मागणाऱ्यावर.

निकाल बरोबर आहे असं माझं मत. पण उलट बाजूही आहे. शेकडो तास खपून हस्तलिखित वाचणाऱ्याला, गाळलेले भाग भरून काढणाऱ्याला काहीच मिळणार नसेल तर हे कोण करणार? आज या ऑपेराचं जे ध्वनिमुद्रण (अ‍ॅलन कर्टिस) ऐकतो त्यात तुटलेल्या जागा विवाल्डीच्याच इतर संगीताच्या आधाराने कोणीतरी भरल्या आहेत.

---

गोगलगाय

@कलम७१, रोचक. टोपणनावाचाही उलगडा झाला, हे ते कलम ७१ ना!

---

कलम७१

तेच.

---

चैत्रपालवी

ऐकून परत आले. 'निसी दोमिनुस' (आरव्ही ६०८) हे स्तोत्र लावलं, त्यातल्या 'कुम देदेरित' या भागाने पुढचं काही ऐकूच दिलं नाही. शब्द आहेत देव आपल्या लाडक्यांना झोप देतो अशा अर्थाचे. तंतुवाद्यं मंद, डोलणाऱ्या लयीत, आणि त्या डोलण्यावर आवाज अर्ध्या-अर्ध्या सुराने वर चढत जातो. अंगाई म्हणावी तर फार अस्वस्थ करणारी. जारूस्की या गायकाचा आवाज होता, स्पिनोझीचाच वृंद. @गोगलगाय, इथे चाबूक बिलकुल नाही!

एक प्रश्न : यादीत 'ग्रोस्सो मोगुल' दिसतं. मोगल म्हणजे आपले मोगल?

---

मंद्रसप्तक

@चैत्रपालवी, हो, दिल्लीचेच. पण त्यात भारतीय संगीत शोधू नका. त्या काळात मोगल दरबार म्हणजे व्हेनिसच्या नाट्यगृहांना ऐश्वर्याचं हमखास चालणारं नाव. याच पार्श्वभूमीवर त्याचा 'आर्जिप्पो' हा ऑपेरा (प्राग, १७३०) आहे, तोही हरवलेला. सापडलेल्या तुकड्यांवरून आणि एका मिश्र हस्तलिखितावरून बिओंदीने तो अलीकडे एडिशनसाठी मुद्रित केला.

'ग्रोस्सो मोगुल' (आरव्ही २०८) हा व्हायोलिनचा कॉन्चेर्टो, डी मेजरमधला. हे नाव ट्यूरिनच्या प्रतीवर नाही, जर्मनीतल्या श्वेरिनच्या प्रतीवर आहे. श्वेरिनच्या प्रतीत कादेन्झासुद्धा, म्हणजे वादकाने एकट्याने उधळायची जागा, लिहून ठेवल्या आहेत. एरवी या जागा मोकळ्या सोडलेल्या असत, त्यामुळे त्या काळचा वादक काय काय करत असेल याची कल्पना फार थोड्या ठिकाणी येते. बाखने हा अख्खा कॉन्चेर्टो ऑर्गनवर उतरवला, कादेन्झांसकट (बीडब्ल्यूव्ही ५९४, हा बाखच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक). मधला भाग रेसिटाटिव्ह आहे, व्हायोलिन बोलतंय आणि खाली फक्त साथीचे स्वर. ठेका नाही, गाठी घेत घेत, अडखळत जाणारी ओळ. हा भाग वादकागणिक इतका बदलतो की तीन ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐकावीत. कोणी प्रवचन देतं, कोणी भांडतं.

याचा एक चुलतभाऊ आहे, 'इल ग्रान मोगोल' नावाचा बासरीचा कॉन्चेर्टो. फ्रान्स, स्पेन, इंग्लंड आणि मोगलांचा देश अशा चार कॉन्चेर्टोंच्या संचातला. बाकी तिन्ही गायब. हा एक २०१० मध्ये एडिनबरोच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात एका सरदार घराण्याच्या कागदांत सापडला. दुसऱ्या व्हायोलिनचा भाग नव्हता, तो ट्यूरिनमधल्या एका जवळच्या कॉन्चेर्टोवरून भरून काढला. ला सेरेनिसिमा या ब्रिटिश वृंदाचं ध्वनिमुद्रण आहे. कॉन्चेर्टो म्हणून ठीकठाक, खरं सांगायचं तर शोधाची बातमी संगीतापेक्षा मोठी होती.

---

तिरकस

हे शेवटचं वाक्य मला फ्रेम करून द्या.

बाकी अहवाल : आरव्ही ४८४ ऐकला. आधी आधुनिक बासूनवर, मग आत्सोलिनीचा. फुंकणींचा मुद्दा मधल्या भागात शंभर टक्के मान्य. एका जागी सूर इतका दबका निघतो की वाद्य बिघडलंय की काय वाटावं, आणि नेमका तिथेच कान टवकारतो. तिसरा भाग मात्र तोच तो, नेहमीचा. एकच कॉन्चेर्टो पाचशे वेळा हे मी मागे घेत नाही. फार तर म्हणेन की मधले भाग पाचशे वेगळे आहेत.

पुढचा आकडा द्या.

---

फुंकणी

आरव्ही ५०१, 'ला नोत्ते'. रात्र, भुतं, झोप आणि पहाट, सगळं एकाच कॉन्चेर्टोत, जलद-संथ-जलदचा साचा धाब्यावर बसवून. बासरीचाही 'ला नोत्ते' आहे आणि तो जास्त गाजलाय, त्यात गल्लत करू नका. भुतं बासूनचीच चांगली.

---

अनामिका१२

आणि चेलोचे? त्यावर कोणीच लिहिलं नाही. सत्तावीसेक आहेत. कोणी ऐकले असतील तर ध्वनिमुद्रणं सुचवा, शक्यतो आतड्याच्या तारांवर वाजवलेली.